पडद्याची कड

"आण इकडे. तुझ्याच्यानं नाही व्हायचं."

वीस वर्षांमागचा आवाज, पण लेकीच्या कानात अजून ताजा. बटण लावताना, वहीला कव्हर घालताना, भाजी चिरताना आई तिच्या हातातलं काम काढून घ्यायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत करून टाकायची. आईचा हात म्हणजे वाहता झरा. लेकीचा म्हणजे फुटका माठ. म्हणून तर तिशी उलटली तरी लेकीला सुईत दोरा ओवायला चार वेळा थुंकी लावावी लागे.

त्याच हातांनी तिने आठ दिवसांत घर सजवलं होतं. भाड्याचं, दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावरचं. पण तिच्या हातचं पहिलं. हात आखडूनच सगळं जमवायचं होतं. भिंतीचा वेलबुट्टीचा कागद दुकानातल्या उरल्यासुरल्या गुंडाळ्यांतला, पडदा जुन्या चादरीचा, फळी कारखान्यातल्या खोक्याची. आई येणार होती. भेटायला नाही, राहायला. सहा वर्षं लेक बोलावत होती आणि सहा वर्षं आई म्हणत होती, "तुझ्या दादाचं घर कोण बघेल?" आठ दिवसांपूर्वी फोनवर आपणहून म्हणाली, "येते." लेकीला आनंदाइतकीच धास्ती. खोली मनाला आली नाही, तर आई चार दिवसांत माघारी जाईल.

रविवारी दुपारी आई दारात उभी राहिली. एक पेटी, एक पिशवी, अंगभर शाल. दादा खालच्या खालीच निघून गेला. गाडी लावायला जागा नाही म्हणे. पेटी लेकीनेच ओढत वर आणली.

"ये, तुझी खोली बघ."

आईने पाहिलं. भिंतभर लाल बाण.

"हे काय गं? गोवर आला की काय भिंतीला?"

"जिथे जिथे चुकलंय, तिथे लावलेत."

लेक चपलांच्या कारखान्यात तपासनीस. जोडात खोट दिसली की तिथे लाल बाण चिकटवायचा, दुरुस्तीवाला मग नेमका तिथेच हात घालतो. घरातही तिने तेच केलं होतं. फुगलेल्या कागदाला बाण, कललेल्या फळीला बाण, पडद्याला तर दोन. काढायचे राहिले, असं ती सांगणार होती. खरं म्हणजे मुद्दाम ठेवले होते. आई बघेल, कपाळाला हात लावेल, बाह्या सारेल, एकेक बाण उपटत कामाला लागेल. महिना तरी जाईल त्यात. आणि ज्या घरात आईचा हात लागला, ते घर सोडून ती कधी गेली नव्हती.

आई म्हणाली, "छान झालंय."

"छान" हा आईचा परक्या घरी वापरायचा शब्द. पुन्हा ज्या घराची पायरी चढायची नाही, तिथला.

"अगं, ती वेल तरी बघ. तिसरी पट्टी खाली डोकं वर पाय लागलीये."

"असू दे. वेलीला काय, कुठूनही चढते."

"फळीवर पेला ठेवला की घसरगुंडी खेळतो."

"मग नको ठेवूस."

लेकीने पडदा उतरवला, सुईदोऱ्याचा डबा आणला आणि दोन्ही आईच्या मांडीवर ठेवलं. "एवढी कड तरी घालून दे. मी सात वेळा उसवली."

"उजेड नाही."

दुपारचं ऊन खोलीत पाय पसरून बसलं होतं.

"चष्मा पेटीत आहे," आई म्हणाली. लेकीने पेटी उघडून चष्मा आणला. आईने तो घेतला नाही. "राहू दे, उद्या बघू."

मग मात्र लेकीचा बांध फुटला. "तुला राहायचंच नाहीये इथे. हो ना? चार दिवस बघशील आणि दादाला फोन लावशील. तसं सरळ सांग ना! एवढं वेडंवाकडं घर केलंय मी, निदान ओरड तरी! पाहुणीसारखी काय बसलीयेस? दादाच्या बाळात जीव अडकलाय तुझा, ठाऊक आहे मला. त्याच्याशिवाय करमणार नाही तुला."

आल्यापासून शालीत असलेले हात आईने पहिल्यांदाच बाहेर काढले आणि मांडीवरच्या कापडावर ठेवले. कापड थरथरायला लागलं. खिडकी बंद होती.

डब्यातल्या सुया एकमेकींवर वाजत राहिल्या.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"झालं वर्ष." आईने एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून पाहिला. दोन्ही हलत राहिले. "लपवत होते. भांडी वाजली की म्हणायचे, मांजर आलं."

लेकीने ते हात धरायला आपले हात पुढे केले. आईने मान हलवली.

"दादाला फोन लावायचा नाही. तो न्यायला येणार नाही मला." उलट्या वेलीकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "बाळाच्या हनुवटीला चार टाके पडलेत. मीच आंघोळ घालत होते गं. निसटलं माझ्या हातातून."