पाटीवरचा आकडा

विमा कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. रुग्णाच्या उजव्या डोळ्यात मागच्या वर्षीच लेन्स बसवली आहे. त्याच डोळ्यासाठी पुन्हा मंजुरी देता येणार नाही.

"आवो, पन मागच्या साली डावा केला की," काउंटरपलीकडून मच्छिंद्र म्हणाले. "उजव्यात अजून मोतीबिंदू हाय. दोन्ही उघडे ठेवले की धुरकट दिसतंय."

मच्छिंद्र मार्केट यार्डात मापाडी होते. काट्यावरचा आकडा तीन की आठ, हे हल्ली त्यांना हमालाला विचारावं लागे. आणि विचारणाऱ्या मापाड्यावर यार्डात कोण विश्वास ठेवणार? विमा मुलाच्या, साईनाथच्या कंपनीतला. तो नोकरी बदलत होता, म्हणजे हा विमा महिनाअखेरपर्यंतच.

"आपण बसा. मी बघते," दीपमाला म्हणाली.

तिच्या खुर्चीमागे हॉस्पिटलने पाटी लावली होती : 'दीपमाला शितोळे, बिलिंग विभाग. बारा वर्षे. चुका : शून्य.' त्या पाटीवरची धूळ ती रोज स्वतः पुसायची. बाकीच्या टेबलांवरची धूळ ज्याची त्याने बघावी.

चूक कंपनीचीच असणार, याची तिला खात्री होती. असल्या कंपन्यांना ती ओळखून होती. तिने मागच्या वर्षीची फाइल काढली. डॉक्टरांच्या कागदावर डोळा डावा. कंपनीला गेलेल्या फॉर्मवर उजवा. फॉर्मखाली सही तिची.

अवघड ते सगळं बरोबर होतं. साध्या लेन्सचा नव्हे, तर लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सचा कोड टाकला होता. कंपनी किती देणार, वरचा फरक कुणी भरायचा, तेही चोख. चुकला होता तो शेंबड्या पोरालाही जमेल असा रकाना : डोळा कोणता.

मग तिला आठवलं. त्या दिवशी फाइल ऑपरेशन थिएटरमधून खाली आली नव्हती. मच्छिंद्र पट्टी बांधून समोर बसले होते. घाईत तिने फक्त मान वर करून पाहिलं आणि लिहिलं. समोरच्या माणसाचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो, हे ती विसरली होती. तिचे कान लाल झाले.

विभागप्रमुख अभिनव निम्म्या वयाचा, पण हुशार. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, सॉफ्टवेअरची चूक असं लिहून टाकू. सगळे तसंच लिहितात. मंजुरी येईल, आणि तुमची पाटीही राहील."

दीपमालाने मागे वळून पाटीकडे पाहिलं. बारा वर्षं तिने ही पाटी कमावली होती. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या चुका तिने ठणकावून दाखवल्या होत्या आणि आतून सुखावलीही होती.

"डोळा सॉफ्टवेअरने निवडला नाही, अभिनव. मी निवडला."

तिने कंपनीला पत्र लिहिलं. कारणाच्या जागी 'माझी नजरचूक' लिहिलं, डॉक्टरांचा कागद जोडला आणि खाली पूर्ण नावाने सही केली.

तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

पट्टी काढल्यावर मच्छिंद्र साईनाथबरोबर कागद घ्यायला काउंटरवर आले. आधी त्यांनी हातातल्या कागदावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली. मग मान वर केली. चष्मा नव्हता.

"दीपमाला शितोळे," ते मोठ्याने वाचू लागले. "बारा वर्षे. चुका : एक."

त्या 'एक'खाली तिने स्वतः पुसलेला जुना 'शून्य' अजून पुसटसा दिसत होता.

"बारा वर्सांत एकच?" मच्छिंद्र थक्क झाले. "आमच्या काट्यालाबी जमायचं न्हाई. कोन वो ही बाई?"

दीपमाला उठून ताठ उभी राहिली.

"मीच," ती म्हणाली. "आणि ती एक चूक तुमच्याच डोळ्याची."