निळ्या माशीचा डंख

पाऊस विसरलेल्या शतकात आमच्या सहारात निळी गांधीलमाशी उपजली. ती ओलसर वाळूतच पिल्लं वाढवते आणि पिल्लं असली तरच डंख मारते. म्हणून विहीर खणण्याआधी बाईने तिच्या बिळात हात घालायचा. डंख बसला तर मुक्काम, नाहीतर पुन्हा पायपीट. माझ्या तान्ह्या इल्यासला आता आणखी प्रवास सोसणार नव्हता. मी बिळात हात घालून कधीची बसले होते. "काढ हात, फादी. उंट लादलेत," सासूबाई म्हणाल्या. "थांबा ना, उठू तरी द्या माशीला." "माझ्या लेकाइतकी झोपाळू दिसतेय." मला हसू आलं, तेवढ्यात मनगटापर्यंत आग उसळली. डोळ्यांत पाणीच आलं. "दुखतंय का गं?" "खूप," मी हसतच म्हणाले. सासूबाईंनी इल्यासला माझ्या मांडीवर दिलं आणि कुदळ उचलली. "जरा लांब खणा हं, आई. तिचीही पोरं आत आहेत."