लाल ठिपके

मिठाचं पाणी टोचलेल्या बाईच्या यकृतात पुरुषाच्या पेशी होत्या.

संशोधकाने काच सूक्ष्मदर्शकाखालून काढली, फिरवून बघितली, पुन्हा लावली. लाल ठिपके होते तिथेच होते. त्याने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि परत पाहिलं. देवानेही ते हलवले नव्हते.

खरं तर सगळं सरळ होतं. यकृत निकामी होत चाललेल्या बायकांचे दोन गट केले होते. एका गटाला मूळपेशी टोचायच्या, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, ते चाचणी संपेपर्यंत बंद लखोट्यात. पेशी देणारा मुद्दाम पुरुष निवडला होता. पुरुषाच्या पेशीतली खूण रंगवली की लाल दिसते, बाईच्या पेशीत ती खूण नसतेच. लाल ठिपका दिसला की समजायचं, आपली पेशी रुजली. लखोटे काल उघडले, आणि ठिपके निघाले पाण्याच्या गटातल्या एका बाईच्या यकृताचा कण लावलेल्या काचेवर.

चाचणीच्या प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "एका सुईची अदलाबदल झाली, तर बाकीच्यांची झाली नाही हे कोण मानेल? सगळं फेकून द्यावं लागेल. आणि सुया भरणारीला घरी पाठवावं लागेल."

सुया सिस्टरने भरल्या होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनेच.

"माझ्या हातून चुकलं असतं तर मीच सांगितलं असतं, सर," ती संशोधकाला म्हणाली.

त्याला तिचं पटत होतं. काचेचंही पटत होतं. दोन्ही एकदम कसं पटवून घ्यायचं, ते मात्र कळत नव्हतं.

ती बाई त्या दिवशी तपासणीला आलीच होती. साठी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, तोंडाने खमकी. तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. सिस्टर दारात उभी राहिली.

"मावशी, तुम्हाला पेशी नव्हत्या दिल्या. मिठाचं पाणी दिलं होतं."

"पाणी? आणि मी इकडे सगळ्यांना सांगत सुटले, मला किती बरं वाटतंय म्हणून."

"कधी कुणाचं रक्त चढवलंय तुम्हाला?"

"नाही बाबा."

"दुसरीकडे कुठे उपचार? सुई?"

"तुमच्याच सुया पुरून उरल्यात."

"मुलंबाळं?"

"नाहीत." तिने मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली. "एकदा राहिलं होतं. सातव्या महिन्यात गेलं. त्याला मुलंबाळं म्हणत नाहीत ना?"

संशोधक स्टुलावरून असा उठला की स्टूल आडवं झालं.

"म्हणतात, मावशी! अहो, म्हणतात!"

बाई दचकली. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सिस्टरला तर काहीच समजेना.

"सिस्टर, तुम्ही काही चुकला नाहीत. माझंच डोकं चाललं नाही." तो पुन्हा बाईकडे वळला. "पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळ गेलं तरी काही मागे राहतात. वर्षानुवर्षं राहतात. तुमच्या यकृतात पुरुषाच्या पेशी दिसल्या, म्हणून मी सकाळपासून वेड्यासारखा फिरतोय. त्या आमच्या नव्हेत. तुमच्या बाळाच्या आहेत."

"अजून आहेत?"

"आहेत. यकृताला जिथे जखम आहे ना, तिच्या कडेकडेने."

बाईने हात उचलून उजव्या बरगडीखाली ठेवला. काही हाताला लागतंय का बघावं, तशी ती तिथे चाचपत राहिली. आपण भलतंच बोलून बसलो की काय, असं त्याला वाटायला लागलं. त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने स्टूल उभं करून ठेवलं, बाकी काही नाही.

"मला बघू दिलं नव्हतं," बाई म्हणाली. "मी शुद्धीवर येईपर्यंत हे आणि सासूबाई घेऊन गेले होते. काय होतं म्हणून विचारलं की म्हणायचे, विसर आता. किती वेळा विचारलं. मग हेही गेले, सासूबाईही गेल्या. विचारायला कुणी उरलंच नाही."

तिचा हात तिथेच होता.

"डॉक्टर, पेशी पुरुषाच्या आहेत म्हणालात. नक्की?"

"नक्की. चारदा पाहिल्यात."

"म्हणजे मुलगा होता तर."