हजेरी

जी विद्या आपण परक्यांच्या लेकरांना विश्वासाने देतो, तीच स्वतःच्या लेकीसाठी अपुरी वाटावी, यात दोष विद्येचा नसतो.

गोकुळ सर पैठण तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. त्यांची लेक संस्कृती, तिचे नाव तेथेच पटावर होते. ती मात्र दोन वर्षे संभाजीनगरला नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासला जाई आणि सर रोज स्वहस्ते तिची हजेरी लावीत. नीटमध्ये तिने उत्तम गुण मिळवले. पण वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीच्या विज्ञान विषयांत मिळून लागणाऱ्या पन्नास टक्क्यांना चार गुण कमी पडले आणि प्रवेश अडला.

"चार गुण! अन् सर्वांत कमी गुण माझ्याच विषयात," सर चरफडले. "आता श्रेणीसुधाराच्या फेरपरीक्षेला कोणता क्लास लावायचा?"

"क्लास नको, पप्पा. तुमच्याच वर्गात बसते. हजेरी तेवढी खरी लावा."

सोमवारी ती पहिल्या बाकावर येऊन बसली. सरांनी हजेरीपट उघडला आणि त्यांचे बोट थबकले.



बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीचे नाव यंदाच्या पटावर नव्हतेच. सरांनी पट मिटून खडू उचलला. ईश्वर त्या दोघांनाही यश देवो.