छान झालाय

"काय सुरेख चहा झालाय गं," व्हरांड्यातून आईचा आवाज आला, आणि आत स्वयंपाकघरात थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तिने केला होता. धाकटीने नुसता कप उचलून बाहेर नेला होता.

तीच पावडर, तेच माप. घरी रोज सकाळी थोरली हाच चहा करायची आणि आई रोज पहिल्याच घोटाला नाक मुरडायची. कधी साखर कमी, कधी उकळला जास्त, कधी "दूध कुठून आणतेस हल्ली?" वडील गेले आणि आई थोरलीकडे राहायला आली, तेव्हापासून एक सकाळ काही सुनी गेली नव्हती.

हे डोंगरातलं भाड्याचं घर धाकटीने शोधलं होतं. सुट्टीत ती परदेशातून आली, की तिला असलं काहीतरी सुचायचं. गाडीरस्ता संपला की पुढे पायवाट, आणि पायवाट संपता संपता झाडीत लपलेलं लाकडी घर. वर पत्रा, खाली करकरणाऱ्या फळ्या. न्हाणीघर मागे केळींच्या आडोशाला, आणि त्याला छप्परच नाही. गाद्या सदा दमट. फोनला रेंज नाही, बेडूक मात्र हवे तेवढे. घरी नळाला जरा कोमट पाणी आलं तर घर डोक्यावर घेणारी आई इथे उघड्यावर तांब्याने अंघोळ करून म्हणाली, किती प्रसन्न वाटतं. जिना चढताना गुडघे धरणारी आई दगडांची वाट चढून आली आणि वर म्हणाली, हवाच निराळी गं तुझ्या या घराची. थोरली ऐकत होती आणि आतल्या आत जळत होती. या वयात हे शोभत नाही, हे तिला कळत होतं. पण मत्सर काही वय विचारून येत नाही.

घराची राखण करणारी बाई संध्याकाळी डबा आणून द्यायची. काल भाजीत मीठच नव्हतं. आईने बाईसमोर बोटं चाटली, पुन्हा वाढून घेतलं, हाताला चव आहे म्हणाली. बाई पायवाटेवरून दिसेनाशी झाली, तशी आई थोरलीच्या कानाशी लागली, "मिठाचा पत्ता नाही गं. आण जरा." लहानपणी कुणाकडे पाहुणं म्हणून जायचं असलं, की आई उंबऱ्यातच दोघींना बजावायची. लोकांच्या घरी ताटात येईल ते गोड मानायचं. नावं ठेवायची ती आपल्या घरी. थोरलीला ते आठवलंही. पण तिने त्यातून एवढाच अर्थ काढला, की परक्या बाईलाही शाबासकी मिळते, आणि आपल्या वाट्याला येते ती मिठाची बरणी.

त्यात धाकटीने आपला बेत येतानाच सांगून टाकला होता. आईला आता ती कायमची आपल्याकडे नेणार होती. "तू पुष्कळ केलंस ताई. आता जरा मोकळी हो." आज निघण्याआधी ती आईला विचारणार होती. थोरलीला आधी वाटलं, सुटले. पण सुटल्यासारखं काही वाटेना. औषधांच्या वेळा आपण सांभाळल्या, गुडघ्यांना तेल आपण चोळलं, आणि आता आई एका पायावर तयार होणार. का नाही होणार? इथे आल्यापासून धाकटीच्या बाबतीत तिच्या तोंडून एक वाकडा शब्द नव्हता.

थोरलीला राहवेना. हात पुसत ती व्हरांड्यात आली.

"आई, तो चहा मी केलाय."

आईने कपात पाहिलं. आणखी एक घोट घेतला.

"तरीच," ती म्हणाली. "मघापासून म्हणतेय, साखर का कमी लागते. किती वर्षं सांगतेय तुला, अर्धा चमचा वर घालत जा म्हणून."

थोरली आता चांगलीच भडकणार होती. धाकटीला हसू फुटलं असणार, म्हणून तिने आधी तिच्याकडे पाहिलं. धाकटी हसत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत बसली होती. उंबऱ्यातली ती शिकवण तिनेही ऐकली होती.

मग ती उठली. आईच्या हातातला कप तिने हळूच काढून घेतला. दुसरा करून आणते म्हणाली.

थोरली तिच्या मागोमाग आत गेली. धाकटीने पाणी ठेवलं, पावडर टाकली, दूध ओतलं. साखरेचा डबा हाताशीच होता. तिने त्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो बाजूला सरकवला.

"अगं, साखर," थोरली म्हणाली.

"राहू दे ताई."

चहा गाळून ती बाहेर गेली, कप आईच्या हातात दिला आणि पायरीवर तिच्या पायाशी बसली. जे विचारायचं होतं ते तिने अजून विचारलं नव्हतं. आईने पहिला घोट घेतला. थोरली दारात उभी होती. इतके दिवस ती धाकटीच्या कौतुकावर जळत होती, आणि आता मनातल्या मनात आईला विनवत होती, बोल काहीतरी. नाव ठेव. एकदा तरी ठेव.

आई घोट घोट करत सगळा चहा प्यायली. रिकामा कप तिने जपून खाली ठेवला.

"छान झालाय हो," ती धाकटीला म्हणाली. "उगीच त्रास पडला तुला."