एका वेळी एकच नळ

"तिला सांग, टाकी जागची हलणार नाही," बेरिल म्हणाली.

"तिला सांग, टाकी जाणार," थेल्मा म्हणाली.

दोघी एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर बसल्या होत्या. मधे बॉयलरवाला डंकन. त्याच्यापुढे चहाचे दोन कप, कारण त्या स्वयंपाकघरात किटल्या दोन होत्या आणि एकीचा चहा घेऊन दुसरीला नको म्हणायची छाती अख्ख्या हॅलिफॅक्समध्ये कुणाची नव्हती. डंकन बिचारा आळीपाळीने एकेक घोट घेत होता.

नणंद-भावजयीचं घर. क्लिफर्ड जाताना बायको थेल्मा आणि बहीण बेरिल दोघींच्या नावावर करून गेला. त्याच्या दफनानंतरच्या चहाला थेल्माने रिवाजाच्या हॅमऐवजी सॅमन माशाचे सँडविच ठेवले, तेव्हा जे बोलणं तुटलं ते अकरा वर्षं तुटलेलंच होतं.

आता रविवारी जुना बॉयलर मेला होता. नव्यासाठी सही दोघींची लागणार होती.

"मावशी, जुन्यासारखा टाकीवाला बसवला तर गरम पाणी तेवढंच मिळणार. एकीच्या आंघोळीपुरतं," डंकन म्हणाला.

"पुरतं की! मला कधी कमी पडलं नाही," बेरिल म्हणाली.

थेल्माचा डावा खुबा ठणकला. तो रोज सकाळी दगड झालेला असे. दहा मिनिटं कढत पाण्याची धार पडली की माणसात येई. पण बेरिल सहाच्या ठोक्याला न्हाणीघरात शिरे आणि चर्चमधली गाणी म्हणत टाकीचा तळ गाठे. थेल्मा टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी. तिच्या वाट्याला शेवटचं कडवं आणि गार पाणी.

"तिला सांग," थेल्मा म्हणाली, "काही माणसं गेंड्याच्या कातडीची असतात, त्यांना धुवायला पाणी जास्तच लागतं. मला तो कॉम्बी पाहिजे. बिनटाकीचा."

"कॉम्बीत पाणी संपत नाही, हे खरं," डंकन म्हणाला. "नळ सोडला की तिथल्या तिथे तापतं. पण त्याची एक खोड आहे. एका वेळी एकच नळ. वर कुणी शॉवर घेतंय आणि खाली कुणी गरम नळ सोडला, तर वरच्याच्या अंगावर बर्फ. म्हणून माझं ऐका, वरच्या कपाटात मोठी टाकी बसवू. दोघींना पोटभर पाणी, कुणाचं कुणाला अडत नाही. माझ्या आईकडे मी तशीच बसवलीय."

दोघींच्या माना एकदमच वर झाल्या.

"खालचा म्हणजे कुठला नळ?" थेल्माने हळूच विचारलं.

"हा." डंकनने भांडी घासायच्या सिंककडे बोट केलं. "बॉयलरच्या जवळचा. तो वरच्याला ऐकत नाही."

थेल्मा नळाकडे बघत राहिली. सकाळचे सहा. वर बेरिल, डोक्यापासून पायापर्यंत साबणात. दुसरं कडवं, वरची पट्टी. आणि खाली आपण, एक बोट नळावर. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला उद्याच्या सकाळची ओढ लागली.

"कॉम्बी," ती म्हणाली.

"कॉम्बीच," बेरिल म्हणाली.

इथे थेल्माला शंका यायला हवी होती. पण ती कुठली यायला? तिच्या कानात बेरिलची अजून न फुटलेली किंकाळी घुमत होती.

"नीट विचार करा मावशी, मोठी टाकी..."

"खड्ड्यात गेली तुझी टाकी!" दोघी एका सुरात म्हणाल्या आणि एकीच्या पेनाला हात न लावता दुसरीने आपल्या पेनाने सही केली.

शुक्रवारी बॉयलर लागला. डंकनने वर नवा शॉवरही अडकवला.

"शॉवरच्या तोंडावरचं प्लास्टिक मुद्दाम काढलं नाही, तो मान तुमचा," हात पुसत तो म्हणाला. "पाणी आता संपायचं नाही. अख्खं हॅलिफॅक्स धुऊन काढा. बोला, आधी कोण?"

पाच दिवस घरात गरम पाणी नव्हतं. थेल्माचा टॉवेल खांद्यावर तयारच होता. ती उठली, तेव्हा खुबा असा वाजला की शेजारचा कुत्रा भुंकला. तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. बेरिलने खुर्ची सिंकपाशी ओढली होती. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मांजराला गोंजारावं तसा तिचा हात नळावर फिरत होता. खांद्यावर टॉवेल तिच्याही होता.

थेल्माने पाऊल खाली घेतलं. लंगडत परत आली. आपली खुर्ची सिंकच्या दुसऱ्या बाजूला ओढून बसली आणि आपलाही हात नळावर ठेवला.

"आधी तुम्ही, वन्सं," ती गोड आवाजात म्हणाली.

"छे छे, वहिनी," बेरिल म्हणाली. "मोठेपणाचा मान. आधी तुम्ही."

अकरा वर्षांनी एकमेकींशी बोलल्या. डंकनचे डोळे भरून आले. बॉयलर नीट निवडला तर घर कसं सांधतं, हे तो त्यानंतर गिऱ्हाइकाला सांगत सुटला.

वर्षाने तो तपासणीला आला, तेव्हा सिंकपाशी दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही भरलेल्या. बॉयलर कोरा करकरीत. डंकन खुशीत शिट्टी वाजवत वर गेला.

शॉवरच्या तोंडावर प्लास्टिक तसंच होतं.