मधमाशीच्या चाळीस ओळी

पुकारा दहाला होता, आणि पावणेदहा झाले तरी साक्षीदार नान्तेझाचा पत्ता नव्हता. लुबेगा कोर्टाच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता.

"बसा हो जरा," त्याची वकील किरुंगी म्हणाली. "तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलंय."

"मसाकाहून सहाला निघते म्हणाली होती."

"मग येईल. शिव्या रस्त्याला घाला, तिला नको."

बसणं त्याला शक्यच नव्हतं. देशातल्या चारशेवर दवाखान्यांत त्याचं सॉफ्टवेअर चालायचं. कुठली औषधं संपत आली ते नर्स साध्या मोबाइलवरून कळवायची आणि गोळ्या वेळेवर पोचायच्या. कोड सगळ्यांसाठी खुला आणि फुकट; कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. आता एक कंपनी म्हणत होती, हा कोड आमचा. निकाल तिच्या बाजूने गेला, तर त्याच दिवशी सगळीकडे ते बंद करावं लागणार होतं.

कंपनीचा मुद्दा सरळ होता. बारा वर्षांपूर्वी लुबेगा सहा महिने तिच्याकडे नोकरीला होता आणि कोड त्याच सहा महिन्यांतला. करारात लिहिलं होतं, नोकरीत असताना जे लिहाल ते कंपनीचं, मग ते ऑफिसात लिहा नाहीतर घरच्या खाटेवर. सही करताना ते कलम त्याने वाचलं नव्हतं. कोण वाचतं?

त्याचा बचावही सरळ होता. त्या कोडचा सगळा जीव चाळीस ओळींत होता. मध्येच नेटवर्क गेलं तरी मेसेज हरवू न देणाऱ्या चाळीस ओळी. बाकीचं तो आठवड्यात नव्याने लिहून काढायला तयार होता. आणि या चाळीस ओळी त्याच्या नव्हत्याच. कुठल्या ओळीवर कुणाचा हात, याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. त्या प्रत्येक ओळीपुढे एकच टोपणनाव होतं, एन्जुकी. म्हणजे मधमाशी. वकिलांना कागद लागतो, म्हणून त्याने ती यादी छापून दिली, आणि तेव्हापासून सगळे तो कागदच बघत होते.

त्या दिवसांचं लुबेगाला धड काही आठवत नव्हतं. मलेरियाने आठवडाभर फणफणला होता. तापात उठायचा, काहीबाही खरडायचा, पुन्हा आडवा व्हायचा. बरा होऊन बघतो तर फाईल चोख, रेखीव, आणि शेजारी या अनोळखी मधमाशीचं नाव. तेव्हापासून प्रत्येक भाषणात तो सांगत आला होता, यातलं खरं डोकं माझं नाही. सांगताना आत थोडं दुखायचंही. इतकं सुंदर आपल्याला का सुचू नये?

मधमाशी शोधायला सात आठवडे गेले. जुना पत्ता बंद पडलेला. याला विचार, त्याला विचार, असं करत शेवटी ती मसाकाच्या एका शाळेत गणित शिकवताना सापडली.

"ते जुनं? अहो, कॉलेजात होते मी," नान्तेझा फोनवर म्हणाली होती. "एका दुपारचं काम होतं ते."

एका दुपारचं! लुबेगाला तिचे पाय धरावेसे वाटले होते. किरुंगीने मात्र तिला तंबी दिली होती, "विचारलं तेवढंच सांगायचं. तुम्हा शिक्षकांना फार समजावून सांगायची खोड असते."

दहाला तीन मिनिटं कमी असताना नान्तेझा भाड्याच्या मोटरसायकलवरून उतरली.

"टॅक्सीचा टायर बसला," ती धापा टाकत म्हणाली. "केस बघा माझे! न्यायाधीश घाबरतील."

लुबेगाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

साक्ष सुरू झाली. किरुंगीने मोजके प्रश्न विचारले.

"एन्जुकी म्हणजे तुम्हीच?"

"हो, माय लॉर्ड."

"या कंपनीत कधी नोकरी केलीत?"

"एक दिवसही नाही."

"या चाळीस ओळींपुढची नोंद तुमचीच?"

"माझीच."

किरुंगी बसली. खाली मान घालून तिने लुबेगाला हलकेच कोपर मारलं.

कंपनीचे वकील वयस्कर होते, मवाळ बोलायचे. "बाई, मला या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तुमच्या वर्गातला मठ्ठ पोरगा समजा मला. या ओळींत तुम्ही नेमकं काय केलंत?"

नान्तेझा खुलली. "सोपं आहे. माणूस घाईत लिहितो तेव्हा डावीकडचा समास वेडावाकडा होतो. एक ओळ आत, दुसरी बाहेर. मला ते बघवत नाही. मुलांच्या तसल्या वह्या मी परत करते. तर मी तो समास सरळ केला."

"आणि?"

"आणि काही नाही. एक अक्षरही बदललं नाही."

किरुंगीचं पेन कागदावर तसंच राहिलं.

"पण प्रत्येक ओळीपुढे तुमचं नाव आहे."

"शेवटचा हात ज्याचा लागतो त्याचं नाव दिसतं, साहेब. नुसती मोकळी जागा पुसली तरी. आधीचं बघायचं तर नोंदीत एक पायरी मागे जावं लागतं."

"मग एक पायरी मागे कुणाचं नाव होतं?"

नान्तेझाने लुबेगाकडे पाहिलं. सगळे जण उगाच तिचं कौतुक करत होते, त्यामुळे ती संकोचली होती. आता ती मोकळेपणाने हसली.

"त्यांचंच की. लुबेगांचं. सगळ्या चाळीस ओळी. इतकं सुंदर काम मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही."